पोलीस, पैसा आणि गुन्ह्यांचे आकडे



वसंत ऋतूतल्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना साहित्य, संगीत, इतिहास अशा रसाळ विषयांची सवय असते. त्या मानाने आजचा विषय रुक्ष आहे. पोलीस किती, त्यांच्यावर खर्च किती आणि देशात गुन्हे किती, असा हा तीन रकान्यांचा हिशेब आहे. परंतु या हिशेबाचा संबंध आपल्या घराच्या कडीकुलपाशी आणि आपल्या मुलीबाळींच्या येण्याजाण्याशी आहे. मधूनमधून वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘गुन्ह्यांत वाढ’. पुढे कधी येतो, ‘गुन्ह्यांत घट’. पहिला वाचून आपण सरकारला बोल लावतो, दुसरा वाचून स्वस्थ झोपी जातो. या दोन्ही प्रसंगी आपली फसगत होण्याचा संभव कसा असतो, हे आज मांडावे असा आमचा मानस आहे.

प्रथम हे आकडे येतात कोठून, ते पाहू. आपल्या देशात १९५३ सालापासून गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल निघत आला आहे. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि हे काम त्याच्याकडे गेले. विभाग स्वतः गुन्हे मोजत नाही. गावोगावच्या ठाण्यांत जी नोंद होते, तीच जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्याकडून दिल्लीला जाते. म्हणजे अहवालातला प्रत्येक आकडा मुळात एखाद्या ठाणे अंमलदाराच्या लेखणीतून उतरलेला असतो. त्याने लिहिले तर गुन्हा घडला. न लिहिले तर, निदान दिल्लीच्या दृष्टीने, घडलाच नाही.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. १९५३ साली देशात घरफोडीच्या सुमारे १ लक्ष ४७ हजार नोंदी झाल्या. २०११ साली त्या सुमारे ९२ हजार झाल्या. मधल्या काळात लोकसंख्या ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेली. घरे वाढली, घरांतली चीजवस्तू वाढली, दूरदर्शन संच आले, सोन्याचा भाव कोठल्या कोठे गेला. आणि घरफोड्या मात्र दोनतृतीयांशांच्याही खाली आल्या! दारे भक्कम झाली, वाड्यांच्या जागी पहारेकऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, हे काही अंशी खरे. पण तेवढ्याने एवढी उतरण समजावून सांगता येईल काय? ज्याच्या घरी चोरी होऊनही ज्याला ठाण्यातून समजूत घालून परत पाठवले, अशी माणसे या मंडपातही असतील. त्यांना या आकड्याचा अर्थ आम्ही सांगायला नको.

याच्या उलट खुनाचा आकडा. खून दडपणे कठीण. प्रेत लपत नाही, नातेवाईक गप्प बसत नाहीत. म्हणून दीर्घकाळाची दिशा पाहायची तर खुनाचाच आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा. १९५३ साली सुमारे ९,८०० खून नोंदले गेले. १९९२ साली ते ४० हजारांच्या घरात पोचले. त्यानंतर उतार लागला आणि २०२२ साली २८,५२२ नोंदले गेले. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर १९५३ साली लाखामागे अडीचाहून थोडे अधिक, १९९२ साली साडेचारांच्या वर आणि २०२२ साली दोनाच्या आसपास. ‘काळ बिघडला, पूर्वी असे नव्हते’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा. माणूस माणसाला मारण्याचे प्रमाण १९९२ च्या मानाने निम्म्याहून कमी झाले आहे.

तथापि एकूण नोंदी वाढतच दिसतात. त्या का वाढतात, याची दोन उदाहरणे देतो. २०२० साली एकूण गुन्हे शेकडा २८ ने वाढले. त्या वर्षी साथ होती, लोक घरात कोंडलेले होते. मग गुन्हे कोणी केले? सरकारी हुकूम मोडल्याच्या नोंदी २०१९ साली २९ हजार होत्या, त्या २०२० साली ६ लक्ष १२ हजार झाल्या. संचारबंदीत बाहेर पडलेला प्रत्येक जण अहवालात गुन्हेगार म्हणून जाऊन बसला.

दुसरे उदाहरण गंभीर आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्याने सारा देश हादरला. पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि अशी फिर्याद न नोंदवणारा अधिकारीच शिक्षेस पात्र ठरला. २०१२ साली बलात्काराच्या २४,९२३ नोंदी होत्या. २०१३ साली त्या ३३,७०७ झाल्या. एका वर्षात देशातले पुरुष एवढे अधिक दुष्ट झाले काय? तसे मानण्याचे कारण नाही. आधी जे सोसून गप्प राहत होते ते बोलू लागले आणि ठाण्याला ते लिहून घ्यावे लागले, हाच त्या वाढीचा मोठा भाग मानावा लागतो. ही वाढ दुःखाची की समाधानाची, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही तिला न्यायाच्या दिशेने पडलेले पाऊल समजतो.

प्रांताप्रांतांची तुलना करतानाही हेच ध्यानी धरावे. २०१६ साली दंडसंहितेखालील गुन्ह्यांचे प्रमाण केरळात लाखामागे सातशेच्या वर होते. देशाची सरासरी अडीचशेच्या आत होती. केवळ हा आकडा पाहणारा म्हणेल, केरळात कोणी जाऊ नये! पण त्याच वर्षी केरळात सुमारे ३०० खून झाले आणि बिहारात अडीच हजारांहून अधिक. बिहारची लोकसंख्या तिप्पट धरली तरी हिशेब कोठे जातो ते पाहा. शिकलेला, हक्क ओळखणारा समाज फिर्याद देतो आणि ती घ्यायला लावतो. म्हणून त्याच्या कागदावर गुन्हे अधिक दिसतात.

मग ठाण्यात फिर्याद लिहून का घेत नाहीत? सगळा दोष शिपायाच्या अंगी लावून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या अधिकाऱ्याचे काम ‘गेल्या वर्षीपेक्षा गुन्हे किती घटले’ यावरून जोखले जाते, त्याला आकडा घटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता? चोर पकडण्यापेक्षा फिर्यादी परत पाठवणे कितीतरी सोपे. चोरीस गेलेला मोबाईल ‘गहाळ’ झाला, मारहाण ‘अदखलपात्र’ ठरली, की रकाना स्वच्छ. १९७७ ते १९८१ या काळात काम केलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही या रोगावर बोट ठेवले होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवलीच पाहिजे. नियम असा स्पष्ट आहे. सवय मात्र जुनी आहे.

आता पोलिसांच्या संख्येकडे वळू. १ जानेवारी २०२० रोजी राज्यांच्या पोलीस दलांत मंजूर पदे २६ लक्ष २३ हजार होती आणि प्रत्यक्ष माणसे २० लक्ष ९१ हजार. म्हणजे पाच खुर्च्यांतली एक रिकामी. कागदावर लाखामागे १९५ पोलीस, प्रत्यक्षात १५६. आधीच्या दशकातही चौथ्या-पाचव्या हिश्श्याची पदे अशीच रिकामी राहत आली. मंजुरी देण्यास सही लागते, भरतीस पैसा लागतो. त्यामुळे पहिली गोष्ट लवकर होते, दुसरी रेंगाळते.

जी माणसे आहेत, त्यांची स्थिती काय? पोलीस संशोधन विभागासाठी २०१४ साली झालेल्या पाहणीत आढळले की ठाण्यातील दहांतले नऊ जण रोज आठ तासांहून अधिक काम करतात आणि चारांतल्या तिघांच्या जवळपास लोकांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, क्रिकेटचा सामना, सगळीकडे बंदोबस्त यांचाच. उरलेल्या वेळात पंचनामा, समन्स, कोर्टाची तारीख आणि तपास. बारा तास उभा राहिलेला हवालदार तुमची फिर्याद गोड शब्दांत ऐकून घेईल, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग झाला आणि तो पुढे इतर ठाण्यांतही नेण्यात आला. असे होऊ शकते, एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले.

या दलाची घडणच मुळी वेगळ्या हेतूने झाली. १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी, १८६१ साली, पोलीस कायदा आला. रयतेची सेवा हा त्याचा हेतू नव्हता. रयत ताब्यात राहावी हा होता. आपल्याकडे त्याऐवजी १९५१ चा मुंबई पोलीस कायदा लागू आहे, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. पण वळण बरेचसे जुनेच. दलातील शेकडा ८६ च्या सुमारास माणसे शिपाई आणि हवालदार दर्जाची, म्हणजे हुकूम पाळणारी. तपास करू शकणारी त्या मानाने मूठभर. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करण्यास सांगितले. त्याची मनापासून अंमलबजावणी झालेली राज्ये शोधावी लागतात.

खर्चाचे सांगायचे तर तो वाढतोच आहे, पण कोठे वाढतो हे पाहावे. राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे दिला. तरी केंद्राची सशस्त्र दले वाढत जाऊन दहा लक्षांच्या घरात पोचली. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात केंद्रीय गृहखात्याला १ लक्ष ९६ हजार कोटी रुपये मिळाले, त्यांतले सुमारे दोनतृतीयांश पोलीस या सदराखाली. सीमेला आणि अशांत मुलखाला ही दले हवीतच. परंतु तुमच्या पेठेतल्या घरफोडीचा तपास त्यांतले कोणी करणार नाही. तो करणाऱ्या ठाण्याचा पैसा राज्याकडून येतो आणि त्यातला बहुतेक पगार-निवृत्तिवेतनात जातो. आधुनिक साधनांसाठी २०१५-१६ साली जी रक्कम ठेवली होती, तिच्यातली शेकडा १४ च खर्च झाली.

कोणी विचारील, ‘पोलीस दुप्पट केले तर गुन्हे निम्मे होतील काय?’ अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ साली हे करून पाहिले. काही भागांत नेहमीची गस्त बंद केली, काहींत दुपटी-तिपटीने वाढवली. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक पडला नाही. पुढे मिनीॲपोलिस शहरात आढळले की पोलिसांना येणाऱ्या हाकांपैकी निम्म्याहून अधिक हाका शेकडा ३ जागांवरून येतात. त्या नेमक्या जागी पोलीस उभे केल्यावर उपयोग दिसला. यावरून एवढे निश्चित की, माणसे किती याबरोबरच ती कोठे आणि कोणत्या कामाला, हे तितकेच महत्त्वाचे. आणि नेमकी जागा कळायची तर नोंद खरी हवी. खोट्या नोंदीवर गस्तीचा नकाशा काढता येत नाही.

म्हणून नागरिकांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. गुन्हा घडला तर तोंडी सांगून परत येऊ नका. फिर्याद नोंदवा आणि तिची प्रत मागा, ती विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. अधिकाऱ्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. लोकप्रतिनिधी मते मागायला येतील तेव्हा ‘गुन्हे किती घटवले’ असे विचारू नका. आमच्या ठाण्यात पदे किती, भरलेली किती, त्यांतली बंदोबस्ताला किती आणि तपासाला किती, हे विचारा. इंग्लंडात १९८२ पासून घरोघर जाऊन ‘गेल्या वर्षी तुमच्यावर कोणता गुन्हा घडला’ अशी पाहणी होते, तशी आपल्याकडे नियमाने व्हावी, असा आग्रह धरा; मग ठाण्याच्या वहीची पडताळणी होईल.

आणि शेवटचे. ज्या वर्षी एखादा अधिकारी प्रत्येक फिर्याद नेमाने लिहून घेऊ लागेल, त्या वर्षी तुमच्या शहरातले गुन्हे कागदावर वाढतील. वर्तमानपत्रे ओरडतील. त्या वेळी तुम्हीही ओरडलात तर त्या अधिकाऱ्याची बदली होईल आणि त्याच्या जागी येणारा वही पुन्हा कोरी ठेवील. त्या वर्षी त्याच्या पाठीशी उभे राहण्याइतकी समज आपण दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.