जातिवंत कुत्रा : निवड आणि निगा

कुत्रा पाळावा अशी इच्छा एखाद्या सुशिक्षित घरात उत्पन्न झाली, म्हणजे पहिला प्रश्न बहुधा जातीचा निघतो. अल्सेशियन घ्यावा की लॅब्राडोर, केसाळ घ्यावा की आखूड केसांचा, नर घ्यावा की मादी, याची चर्चा चार संध्याकाळी रंगते. शेजाऱ्यांकडे कोणता आहे आणि मुलांनी चित्रात कोणता पाहिला, याचाही विचार होतो. ज्या जागेत, ज्या हवेत आणि ज्या माणसांच्या दिनक्रमात त्या मुक्या प्राण्याला पुढील दहा-बारा वर्षे काढावयाची असतात, त्यांचा विचार मात्र पिल्लू दाराशी येऊन ठेपल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. आधी जागा पाहावी, मग जात. आणि जात ठरल्यावर पिल्लू निवडावे.

हे म्हणणे मोघम राहू नये, याकरिता एक गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव पानिपतच्या रणांगणावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या नावाने इतिहासात परिचित आहे. आज त्याची ओळख द्राक्षबागांवरून व कांद्यावरून पटते. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार विंचूरलाच आहे. नोकरीनिमित्त नाशिक शहरात वास्तव्य आणि विंचूरला वडिलोपार्जित मळा, अशी दुहेरी वस्ती असलेल्या एका कुटुंबाची कल्पना करावी. या कुटुंबाने कोणता कुत्रा घ्यावा व तो कसा सांभाळावा, याचा विचार करता करता या विषयातील बहुतेक मुद्दे आपोआप हाती येतात.

प्रथम हवा पाहू. निफाडचा उन्हाळा चाळीस अंशांची सीमा गाठतो. तर काही हिवाळ्यांत तेथील पारा ५ अंशांच्याही खाली उतरला आहे. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक उष्णतामान सुमारे १०१ ते १०२·५ फॅरनहाइट असते आणि माणसाप्रमाणे सर्वांगाने घाम येण्याची सोय निसर्गाने त्यास दिलेली नाही. धापा टाकून, जिभेवाटे व श्वासावाटे तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. ज्याचे नाक चपटे व श्वासमार्ग आखूड, त्याला हेच कार्य नीट साधत नाही. म्हणूनच पग किंवा बुलडॉग यांचे गोजिरवाणे, सुरकुतलेले तोंड आपल्या उन्हाळ्यात त्यांच्याच जिवावर बेतते. सायबेरियाच्या हिमात स्लेज ओढण्याकरिता घडलेला हस्की किंवा आल्प्सच्या घाटांत वाढलेला सेंट बर्नार्ड दुहेरी लोकरीचा कोट अंगावर घेऊन येतो. त्यास मे महिन्यात विंचूरच्या ओसरीवर ठेवणे म्हणजे मनुष्यास घोंगडी पांघरवून उन्हात उभे करण्यासारखे होय. अशा जाती कितीही मोहक असल्या, तरी त्या आपल्या नव्हेत.

दुसरा विचार कामाचा. कुत्र्याची जात म्हणजे पिढ्यानपिढ्या एका विशिष्ट कामासाठी निवडीने घडविलेला स्वभाव व शरीर. जर्मन शेफर्ड, ज्यास आपल्याकडे अल्सेशियन म्हणतात, तो मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ साली माक्स फोन श्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्याने त्याची जात निश्चित केली. त्याला काम हवे, शिस्त हवी. दिवसभर सदनिकेत कोंडला, तर तो भुंकून वा वस्तू कुरतडून आपली बुद्धी खर्च करतो. लॅब्राडोर हा पाण्यातून जाळी व शिकार उचलून आणणाऱ्या कुत्र्यांचा वंशज. मुलांशी सौम्य, पण खादाड. त्याला जे मिळेल ते घालत गेल्यास तो लठ्ठ होतो आणि आधीच दुखऱ्या होण्याकडे कल असलेले त्याचे कंबरेचे सांधे त्या भाराने निकामी होऊ लागतात.

आपल्या भूमीतील जातिवंत कुत्र्यांत दख्खनच्या कारवानी कुत्र्याचे स्थान मोठे आहे. पश्चिम व मध्य आशियातील वेगवान शिकारी कुत्र्यांशी त्याचे नाते आहे. व्यापारी तांड्यांबरोबर ते कुत्रे दक्षिणेत आले आणि त्या कारवांवरूनच त्यास हे नाव पडले, असे मानतात. उंची सुमारे सव्वीस-सत्तावीस इंच, लांबट चेहरा, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि अंगावर आखूड, मऊ केस, असे त्याचे रूप असते. लांब केसांच्या प्रकारास पश्मी म्हणतात. आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीस राजाश्रय दिला व तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली. त्यामुळे ‘मुधोळ’ हेही नाव रूढ झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता; आणि २०१६ च्या सुमारास भारतीय सैन्याने या जातीची पिल्ले शिक्षणासाठी मेरठच्या आपल्या केंद्रात नेली.

विंचूरच्या मळ्याला हा कुत्रा शोभेल काय? हवा त्यास मानवते. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. तो नजरेने सावज टिपून धावणारा कुत्रा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. कुत्र्याच्या रक्तातील धाव मात्र संपलेली नाही. समोरून ससा गेला, की हाक त्याच्या कानात शिरत नाही; शेजारच्या कोंबडीस किंवा करडासही तो सावज समजू शकतो. त्यास दररोज मोकळी, पण कुंपणातील धाव मिळाली पाहिजे आणि लहानपणापासून शेळ्या-कोंबड्यांची सवय लाविली पाहिजे. शिवाय त्याच्या अंगावर चरबी अत्यल्प असल्याने पौष-माघाच्या रात्री त्यास उबदार आडोसा व खाली जाड गोणपाट लागते. त्याच कारणाने भुलीच्या औषधाविषयी अशा जाती नाजूक असतात. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास पशुवैद्यास त्याची जात आधी सांगावी.

जात ठरल्यावर पिल्लाची निवड. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. २०१७ च्या श्वान-पैदास नियमांनी त्याहून लहान पिल्लाची विक्री मना केली आहे व पैदास करणाराने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, असे बंधन घातले आहे. छायाचित्रावरून, दुकानातील पिंजऱ्यावरून किंवा रस्त्याच्या कडेला टोपलीतून पिल्लू कधीही घेऊ नये. पैदास होते तेथे जाऊन आई पाहावी. ती भेदरट किंवा अकारण चिडखोर असेल, तर पिल्लांचे वरवरचे देखणेपण फसवे समजावे. पिल्लाचे डोळे स्वच्छ, नाक वाहत नसलेले, हिरड्या गुलाबी आणि चाल मोकळी असावी. अंग बारीक असून पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले असल्यास जंतांचा संशय घ्यावा. अंगावर धावून येणारे पिल्लू शूर आणि कोपऱ्यात दडणारे गरीब, अशी समजूत असते. घरासाठी या दोहोंच्या मधले, कुतूहलाने जवळ येऊन हात हुंगणारे पिल्लू उत्तम. वंशावळीचा कागद मिळाला, तर तो केवळ कपाटात ठेवण्यासाठी नसतो. आईच्या व बापाच्या बाजूस तीच ती नावे पुनःपुन्हा आढळली, तर जवळच्या नात्यात संकर झाल्याचे ते चिन्ह असून त्याबरोबर वंशागत दोष येण्याचा संभव वाढतो.

पिल्लू घरी आल्यावर पहिली फेरी पशुवैद्याकडे व्हावी. जंताचे औषध, डिस्टेंपर व पार्व्हो यांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत. आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पिसाळरोगाची लस, असा साधारण क्रम असतो. पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे ती दरवर्षी टोचून घ्यावी. पिसाळरोगाची लक्षणे एकदा उमटली, म्हणजे माणूस काय किंवा कुत्रा काय, बहुधा वाचत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलास लस टोचून दिली आणि या भयावर पहिला उपाय जगास मिळाला. त्या उपायाचा लाभ न घेण्यास आज सबब नाही. घरच्या कुत्र्याचा दात लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावी. हळद, चुना, मिरची यांवर विसंबू नये.

आता अन्नाचा प्रश्न. आणि येथे विंचूरचे उदाहरण विशेष बोधप्रद ठरते. ज्या दोन पिकांनी या परिसरास वैभव दिले, ती दोन्ही कुत्र्यास विष आहेत. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. कांदा कच्चा असो, शिजलेला असो वा वाळवून दळलेला असो, त्याचा दोष जात नाही; लसूणही त्याच कुळातला. परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, मूत्र तांबूस होते. आणि चार दिवसांपूर्वीच्या जेवणाची आठवण घरात कोणासही नसते. द्राक्षे व मनुका यांचा घाला मूत्रपिंडावर होतो. काही कुत्र्यांस थोड्या द्राक्षांनीही वांत्या होऊन दोन-तीन दिवसांत मूत्र बंद पडते. काहींना तितक्याने काहीच होत नाही. त्यामुळे इतकी द्राक्षे चालतील, असे प्रमाण सांगता येत नाही. या विषाचे मूळ द्राक्षातील टार्टारिक आम्लात असावे, असे अनुमान २०२१ साली पुढे आले. ते आम्ल चिंचेतही असल्यामुळे चिंचेपासूनही कुत्र्यास दूर ठेवणे शहाणपणाचे.

यावरून शहरातील घरांनाही एक सूचना मिळते. ताटात उरलेले कालवण भाकरीत कुस्करून कुत्र्यापुढे सारणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे, आणि कांद्या-लसणाच्या वाटणाशिवाय कालवण क्वचितच होते. म्हणून कुत्र्याचे अन्न वेगळे शिजवावे : भात किंवा भाकरी, त्याबरोबर उकडलेले अंडे वा मांस, थोडा भोपळा वा गाजर, मीठ-मसाला नाही. नुसत्या दूध-भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे मजबूत होत नाहीत. शिजविलेली हाडे तुकडे होऊन आतडे फाडतात, चॉकलेटही घातक. मळ्यात कांदाचाळीभोवती निवडून टाकलेला कांदा, बागेत गळालेले घोस व मनुका वाळविण्याची जागा यांना कुत्र्यासाठी आडवण असावी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर व ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बागेत औषधांची फवारणी चालते. त्या काळात कुत्र्यास बागेत मोकळे सोडू नये आणि औषधाच्या पिंपातील पाण्याला त्याचे तोंड लागू देऊ नये. यांपैकी काही पोटात गेल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

शेवटचा मुद्दा रात्रीचा. निफाड तालुक्यात गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे. शेजारच्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या एकूण मांसापैकी ३९ टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा आढळला. राखणीसाठी म्हणून अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा यास्तव राखण करीत नाही. त्यास पळताही येत नाही, लढताही येत नाही, आणि त्याच्या वासाने बिबट्या घराच्या दारापर्यंत येतो. सूर्य मावळताच कुत्रा भक्कम दाराच्या आत असावा. तेथूनही त्याचे कान आपले काम करतातच. साखळीविषयी कायद्याचेही म्हणणे आहे. नित्य बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे, हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वये अपराध आहे.

इतके सारे पाहिल्यावर विंचूरच्या त्या कुटुंबाने काय करावे? मळ्यावर बारमाही माणूस राहत असेल, कुंपण असेल व रोज धाव देण्यास कोणी तयार असेल, तर कारवानी कुत्रा त्या घराचे भूषण होईल. नाशिकच्या सदनिकेत मुले व वृद्ध यांच्या संगतीस हवा असेल, तर मोजून खाऊ घालण्याचा निश्चय करून लॅब्राडोर घ्यावा. यांपैकी काहीच साधत नसेल, तर गावातील निरोगी गावठी पिल्लू आणून त्याचीच लस, अन्न व धाव यांची व्यवस्था करावी. या हवेत शेकडो पिढ्या काढलेला तो प्राणी वंशावळीच्या कागदाविना येतो, एवढाच काय तो त्याच्यात उणेपणा.

मराठी मनाला कुत्र्याच्या इमानाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीस छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका सांगतात, आणि त्याच्या मृत्यूनंतरही त्याचा मान राखला गेला. प्रत्येक घराला समाधी बांधता येणार नाही, त्याची आवश्यकताही नाही. दात झिजलेल्या, डोळ्यांस मोतीबिंदू आलेल्या, जिना चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही आपल्या वाटीतले अन्न, आपली जागा व आपली हाक शेवटपर्यंत मिळत राहील, एवढी खात्री पिल्लू उचलण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकमेकांस द्यावी. ती देता येत असेल, तरच पिल्लू घरी आणावे.