श्रमाच्या बदल्यात मुक्काम : परदेश पाहण्याची एक वाट
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



परदेश पाहावा असे आपल्या मुलांना वाटते आणि खर्चाचा आकडा ऐकून ती गप्प बसतात. तिकिटाचे पैसे एकदाच जातात, पण राहण्या-जेवणाचा खर्च रोज उभा राहतो. तो अंगमेहनतीने भागवता येतो, त्याविषयी आज बोलायचे आहे.

१९७१ साली लंडनच्या एका कचेरीत सेक्रेटरीचे काम करणाऱ्या सू कॉपर्ड या बाईंनी 'वूफ' ही चळवळ सुरू केली. ससेक्समधील एमरसन कॉलेजच्या शेतावर पहिल्या खेपेला चौघेजण शनिवार-रविवार राबायला गेले. टेबलावर बसून कागद रंगवणाऱ्या माणसाने हे सुरू केले म्हणून आम्हांला त्याचे विशेष कौतुक! आता अनेक देशांत तिच्या शाखा आहेत. वर्गणी भरली की सेंद्रिय शेती करणाऱ्या यजमानांची यादी मिळते, मग आपणच लिहून ठरवायचे. दिवसाला साधारण चार ते सहा तास खुरपणी, फळतोडणी, गुरांची देखभाल. बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. पैशाची देवघेव नाही.

पैसा नसताना प्रवास आपल्याकडेही झाले. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घराबाहेर पडले, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि १९०२ साली सिलोनला जाऊन पाली शिकले. त्यांच्याविषयी आम्हांला आदरच आहे. पण काशीची ती अन्नछत्रे ब्राह्मणांसाठी होती. आपला मुलगा गेला असता तर दारातूनच परतला असता, हेही विसरून चालणार नाही.

हा विषय आम्ही मागे कार्यकारिणीत काढला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद रागावले. ते म्हणाले, "काम करा आणि भाकरी घ्या, हेच तर आमच्या बापजाद्यांनी गावोगाव केलं. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं आणि तुम्ही पोरांना पुन्हा तिकडंच पाठवता?" आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. तीस वर्षे! त्या कामाला तास नव्हते, नकार नव्हता आणि ते जन्माने चिकटलेले होते. येथे तास आधी ठरतात आणि पटले नाही तर सकाळी पिशवी उचलून निघता येते. आमच्या आजोबांना निघता येत नव्हते.

तरीही दादांची शंका आम्ही खोडून काढत नाही. दहा-दहा तास राबवून घेणारे यजमानही असतात. म्हणून परतीचे तिकीट आणि आठवडाभर स्वतःच्या पैशाने राहता येईल इतकी रक्कम खिशात असल्याशिवाय कोणी निघू नये. ती नसेल तर यजमानाच्या मर्जीवर राहावे लागते, आणि मग ती वेठच.

दुसरी गोष्ट व्हिसाची. आमच्या परिचयातील एक मुलगा पर्यटन व्हिसावर गेला. विमानतळावर अधिकाऱ्याने कारण विचारले. याने सरळ सांगितले, शेतावर काम करून राहणार. त्याला पुढच्याच विमानाने परत पाठवले. उरलेले परकीय चलन मोडायला तो आमच्याच काउंटरवर आला. तिकीट गेले, शिवाय दरातही तोटा. पोर खोटे बोलले नाही, चूक माहितीची होती. न्यूझीलंडमध्ये जेवण-मुक्कामाच्या बदल्यातले कामही कायद्याने कामच धरतात आणि त्यासाठी कामाचा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण खाजगी शेतावरचे काम त्यात बसत नाही. १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी ब्रिटनने २०२३ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून काम करीत राहण्याचे व्हिसा सोडतीने देणे सुरू केले. ब्रिटनच्या योजनेला पदवी लागते आणि खात्यावर २,५३० पौंड दाखवावे लागतात. ही रक्कम आपल्यातील किती घरांत आहे, ते आम्ही रोज पासबुके पाहणारे लोक जाणतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की पहिली फेरी नेपाळची करावी. १९५० च्या तहामुळे तेथे आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. वूफचे यजमान तेथेही आहेत. गोरखपूरहून सुनौलीची सीमा ओलांडली की लुंबिनी जवळच. काम करून वंदनाही होईल. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावे आणि यजमानाचा पत्ता घरी लिहून ठेवावा.

संस्थेच्या वाचनालयात आम्ही एक वही ठेवली आहे. जाऊन येईल त्याने यजमान कसा वागला, किती तास काम घेतले, जेवण काय दिले, ते खरे खरे लिहावे. पहिले पान त्या परत आलेल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ते आधी वाचा, मग अर्ज भरा.

जयभीम!