वाचनालयाची वर्गणी : किती आणि केव्हा?



उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांत वाचनालय चालविणाऱ्या कार्यकारी मंडळांपुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : सभासदांची वर्गणी किती असावी? प्रश्न लहान दिसतो. परंतु वाचनालय कोणाचे, याचे उत्तर त्यात दडलेले असते.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिला. ‘अ’, ‘ब’, ‘क’ व ‘ड’ अशा वर्गांनुसार ते मिळते. तथापि नवे ग्रंथ, ग्रंथपालाचे वेतन, वीज आणि खाऱ्या, दमट हवेपासून पुस्तकांचे रक्षण यांसाठी स्थानिक निधीही लागतोच. वर्गणी मुळीच न वाढविल्यास नवी पुस्तके येत नाहीत आणि वाचक दुरावतात.

परंतु ती एकदम वाढविणेही हिताचे नाही. समजा, 200 सभासद दरमहा 10 रुपये देतात; वर्षाला 24,000 रुपये जमतात. वर्गणी 20 रुपये केली आणि 120 सभासद गळाले, तर उरलेल्या 80 जणांकडून 19,200 रुपयेच येतील. पैसा घटला आणि वाचकही गेले! म्हणून वाढ थोडी असावी, आगाऊ कळवावी आणि तिचा विनियोग वार्षिक सभेत सांगावा. अनामत रक्कम मात्र उत्पन्नात धरू नये. ती सभासदाला परत करावयाची ठेव आहे.

किनाऱ्यावर ‘किती’ इतकेच ‘केव्हा’ यालाही महत्त्व आहे. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याच सुमारास शाळा सुरू होतात आणि भातलावणीचा खर्चही येतो. अशा वेळी कोळी कुटुंबाकडे वर्षाची वर्गणी मागणे म्हणजे त्याला सभासदत्व सोडावयास सांगणेच होय. नारळी पौर्णिमेनंतर मासळीचे पैसे हाती येऊ लागतात. दिवाळीच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरी भात येते. वार्षिक वर्गणीची मुदत तेव्हाची ठेवावी. विद्यार्थ्यांना सवलत आणि इतरांना मासिक हप्त्याची मुभा द्यावी.

प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, असे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडले. दर्यावरून परतलेल्या माणसाचा हात त्या ग्रंथापर्यंत पोहोचेल, इतकीच वर्गणी योग्य.