गाडी उंच करू नका, मूळ जागी आणा

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोलतो आहोत. आता मी पिकअपच्या पाट्यांवर बोलणार आहे. मागे बसलेली मंडळी हसत आहेत, ते मला दिसते. शेतीची पदवी घेतलेला माणूस मिस्त्रीच्या कामावर काय बोलणार, असे त्यांना वाटत असेल. पण जरा बाहेर बाभळीखाली नजर टाका. तुम्ही ज्या गाड्यांतून आलात त्यातल्या किती मागून बसलेल्या आहेत आणि किती मागून नको इतक्या वर उचललेल्या आहेत? जिनिंगवर कापूस न्यायचा तो याच गाडीतून, बाजार समितीत ज्वारी न्यायची ती याच गाडीतून, कडबा, खत, लग्नाचे वऱ्हाड आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची बाळंतीणसुद्धा याच गाडीतून. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात बैलजोडीनंतर एवढे काम दुसरे कोणी करत नाही. मग बैलाच्या खुराला जेवढे जपतो तेवढे हिच्या पाट्यांना का जपू नये?

आधी माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी आम्ही गावातल्या पाच जणांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली. वर्षभरात ती मागून बसली. माल भरला की हौद्याखालचा रबरी ठोकळा ॲक्सलवर ठाण ठाण आपटायचा. तालुक्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, "साहेब, दोन पाटे जादा टाकू. माझ्याकडे मोठ्या ट्रकचे उतरवलेले पडलेत. गाडी घोड्यासारखी उभी राहील." नव्या पाट्यांच्या मानाने खर्च फारच थोडा. मी हो म्हणालो. गाडी चार बोटे वर आली. आम्ही खूश झालो. वर आली म्हणून फाळक्यावर आणखी फळ्या बांधल्या आणि कापूस आणखी चढवला.

दिवाळीनंतरच्या वेचणीचा कापूस घेऊन निघालो तेव्हा दोन पोरे वर मालावर बसली होती. नाल्याजवळ पांदण एका अंगाला कललेली आहे. तिथे डावे चाक चाकोरीत उतरले, गाडी एकदा डोलली आणि आडवी झाली. एक पोरगा कापसावर पडला म्हणून वाचला. दुसऱ्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. त्या हंगामात त्याला पाठीवर पंप घेता आला नाही. त्याच्या आईसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

गाडी सरळ करून पाटे सोडले तेव्हा खरा प्रकार कळला. डाव्या बाजूचा आतला एक पाटा क्लिपच्या आड मोडलेला होता. मेन पाट्याच्या डोळ्यातला बुश झिजून गेला होता. म्हणजे गाडी बसली होती ती मोडलेल्या पाट्यामुळे, आणि आम्ही वरून दोन जाड पाटे घालून ते मोडणे झाकून टाकले होते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? काहीच नाही. पऱ्हाटी लाल पडली की आपण हेच करतो. दुकानदार बाटली देतो, आपण फवारतो. लाली तुडतुड्याने आली, मॅग्नेशियम कमी पडले म्हणून आली की पाण्याचा ताण बसला म्हणून आली, हे पान उलटून कोण बघतो? मी वीस वर्षे गावोगाव सांगत फिरलो की आधी कारण शोधा, मग औषध द्या. आणि स्वतःच्या गाडीला मात्र न बघता बाटली दिली.

आता उंच केल्याने नेमके काय बिघडते ते बघू.

पहिली गोष्ट तोलाची. ज्वारीची पोती जड असतात पण हौद्यात खाली बसतात. कापूस हलका, जागा खाणारा, म्हणून त्याचा ढीग उंच जातो. कडब्याच्या पेंढ्या तर त्याहून उंच. म्हणजे आपल्या गाडीचा भार मुळातच वर असतो. त्यात गाडी खालून उचलली की तो आणखी वर जातो, पण दोन चाकांमधले अंतर तेवढेच राहते. सपाट डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. कललेल्या पांदणीवर तोच फरक गाडी पाडतो.

दुसरी गोष्ट ताठपणाची. पाट्याची जाडी दीडपट केली तर त्याचा ताठपणा दीडपट होत नाही, तिपटीहून जास्त होतो. असा एक जाड पाटा पातळ पाट्यांच्या संचात घातला की तो आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार ओढतो. तो तरी मोडतो, नाहीतर खड्ड्याचा धक्का सरळ चेसिसला देतो. मग पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला तडा जातो आणि आपण वेल्डिंग करत बसतो.

तिसरी गोष्ट ब्रेकची. ही फार थोड्यांना माहीत आहे. पुष्कळ पिकअपांना मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि ॲक्सल यांच्यातले अंतर बघून तो गाडी भरलेली आहे की रिकामी हे ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला कमी-जास्त दाब देतो. गाडी पाट्यांनी उचलली की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते. तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणजे माल भरलेला, उतार पुढे, आणि मागची चाके अर्ध्या मनाने थांबणारी. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर खडखडतो, ते वेगळेच.

कायद्याचेही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जादा भाराला कलम १९४ आहे. २०१९ च्या दुरुस्तीत त्याचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला. अपघातानंतर विमा कंपनीला हात झटकायला असा बदल पुरतो. क्विंटलमागे चार पैसे वाचवायला जायचे आणि सगळा कापूस दंडात घालायचा, हा हिशेब कोणाला परवडतो?

मग करायचे काय? आधी मोजायचे.

गाडी रिकामी करा, सपाट जागी उभी करा, चारही चाकांत हवा सारखी भरा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि चारही आकडे वहीत लिहा. डाव्या-उजव्यात अर्ध्या-पाऊण इंचाहून जास्त फरक असेल तर एक बाजू थकलेली आहे. मूळ उंची किती हे सर्व्हिसच्या पुस्तकात बघा, किंवा त्याच मॉडेलची जपून वापरलेली गाडी शेजारी उभी करून मोजा. एक लक्षात ठेवा. माल भरल्यावर पाटे जवळजवळ सरळ होतात, तो दोष नाही. ते तसेच बनवलेले असतात. रिकाम्या गाडीचे पाटे सरळ किंवा उलटे वाकलेले दिसले, तर ते संपले.

मग खाली वाका. पाट्यांवरची माती तारेच्या ब्रशने काढा आणि प्रत्येक पाट्यावर, विशेषतः क्लिपच्या आड आणि मधल्या बोल्टजवळ, गंजाची आडवी रेघ दिसते का बघा. ती रेघ म्हणजे बहुधा तडा. बुशाचे रबर फाटून बाहेर आले आहे का, शॅकल एका बाजूला घासतो आहे का, शॉकअपवर तेल ओघळले आहे का, हेही बघा. हौद्याचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एक-दीड हेलकाव्यात थांबली पाहिजे. झुलत राहिली तर शॉकअप गेला.

पाटे बदलायचे ठरले तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर तास सरळ जात नाही. नवा संच नुसत्या नजरेने घेऊ नका. एकाच नावाच्या गाडीत कमी-जास्त भाराचे प्रकार असतात आणि त्यांचे पाटे वेगळे असतात. दुकानात चेसिस नंबर सांगा आणि पाट्यांची संख्या, जाडी, लांबी जुन्याशी ताडून घ्या. जुने पाटे भट्टीत लाल करून वाकवून देणारे भेटतील. स्प्रिंगच्या पोलादाला नेमक्या तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवावे लागते. तेवढे केले नाही तर पाणी उतरलेल्या विळ्यासारखा तो पाटा लवकरच पुन्हा बसतो.

काम मिस्त्रीच करील, पण तुम्ही जवळ उभे राहा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी खाली शिरता कामा नये. पुढच्या चाकांना दगड लावा, चेसिसखाली दोन भक्कम घोड्या द्या आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोला. पाट्यावरचा ताण उतरल्याशिवाय बोल्ट काढू नका. पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या भोकात नीट बसले आहे हे हाताने चाचपून बघा. ते सरकले तर ॲक्सल तिरपा बसतो, गाडी खेकड्यासारखी चालते आणि टायर खाते. यू-बोल्ट नवेच घाला. एकदा ताणलेला जुना यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. ते आळीपाळीने, चौकटीच्या चारही कोपऱ्यांना सारखे आवळा.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. रबरी बुशाचे बोल्ट गाडी वर असताना शेवटचे आवळू नका. हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, एकदोनदा दाबून हलवा आणि मग पूर्ण आवळा. अधांतरी आवळलेले रबर गाडी खाली येताच पिळले जाते, ते कायम पिळलेलेच राहते आणि वर्षभरात फाटते. मिस्त्री घाईत असतो. त्याला चहा द्या, पण हे करून घ्या. दोन-चारशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. शेवटी तोच टेप लावून चारही आकडे पुन्हा लिहा.

आमच्या गाडीचे आम्ही नंतर असेच केले. जादा पाटे भंगारात दिले, दोन्ही बाजूंचे मूळ मापाचे पाटे, बुश, यू-बोल्ट आणि शॉकअप घातले. पाच जणांत खर्च वाटून घेतला. गाडी पहिल्यापेक्षा एक बोटही उंच झाली नाही, आणि नको होती. फाळक्यावरच्या जादा फळ्या काढल्या. दोन खेपांचा कापूस आता तीन खेपांत जातो. डिझेल थोडे जास्त लागते. मालावर मात्र कोणी बसत नाही. हा नियम आम्ही पाच जणांनी वहीत लिहून सह्या केल्या आहेत. पहिली सही माझी आहे.

भाव आपल्या हातात नाही, पाऊस आपल्या हातात नाही. गाडीखाली वाकून बघणे तरी आपल्याच हातात आहे ना? चहाच्या सुट्टीत मी टेप घेऊन बाभळीखाली उभा राहतो. ज्याला आपली गाडी मोजायची आहे त्याने यावे. येताना वही आणावी.