शिक्षक संघटना आणि शाळेतील काम

(मांजरसुंबा येथे जमलेल्या प्राथमिक शिक्षकांपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मी जो विषय घेतला आहे, तो आपल्यापुढे उघडपणे क्वचितच मांडला जातो. चावडीवर तो बोलला जातो, एस. टी.च्या थांब्यावर बोलला जातो, आणि आमच्या कार्यालयांत तर दार लोटून नित्य बोलला जातो. नोकरदार मनुष्य संघटनेचा सभासद झाला म्हणजे त्याच्या कर्तव्यनिष्ठेत काही फरक पडतो काय, आणि पडत असल्यास तो कोणत्या बाजूने, हा तो विषय होय. गावकऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: मास्तरांची संघटना बळकट झाली आणि शाळा खिळखिळी झाली. आपलेही उत्तर ठरलेले असते: संघटना नसती तर आम्हांस कोणी विचारलेही नसते. या दोन्ही उत्तरांत थोडे थोडे सत्य आहे. परंतु दोन्ही उत्तरे आळसाची आहेत, असे मला वाटते. मी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य आहे, अनेक वर्षे हाती खडू धरून मग तपासणीच्या बाजूस आलो आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचे बोलणे मी ऐकले आहे.

आपल्या मुलखात कामगारांच्या संघटनेचा आरंभ झाला तो मुंबईच्या कापडगिरण्यांत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले आणि 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था उभी केली. त्या निवेदनातील मागण्या आज वाचल्या तर मन थक्क होते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पहाटे साडेसहाच्या आधी व सूर्यास्तानंतर काम नसावे, मजुरी पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हाती पडावी! काम चुकविण्याची सवलत मागणारे एकही कलम त्यांत नव्हते. काम माणसाला झेपेल असे असावे, एवढेच म्हणणे होते. साप्ताहिक सुट्टी गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी मान्य केली. आपण रविवारी घरी बसतो त्यामागे हा इतिहास आहे. लोखंडे स्वतः 1897 साली प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने गेले. संघटनेचा पुढारी म्हणजे कामचुकारांचा वकील, असे ज्यांस वाटते त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

परंतु मुंबईपर्यंत जाण्याचेही कारण नाही. दिवाळी सरली की आपल्या या चौकातूनच ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे कारखान्यांकडे जाताना आपण पाहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर. एखादा दिवस कोयता पडून राहिला तर खाड्याची कपात. या ऊसतोड कामगारांच्याही संघटना आहेत. तोडणीचा दर वाढवून मिळावा म्हणून हंगामाच्या तोंडाशी त्यांनी वेळोवेळी कोयता बंद ठेवला आहे, आणि साखर संघाशी करार होऊन दर वाढलेही आहेत. आता मला सांगा, संघटनेत गेल्यामुळे ऊसतोड कामगार आळशी झाला, असे कोणी कधी म्हटले आहे काय? म्हणत नाहीत, कारण त्याचे काम वजनकाट्यावर चढते. जितके टन तितके पैसे. तेथे संघटना दराविषयी भांडते आणि काम काटा मोजतो. दोहोंची गल्लत होत नाही.

आपले काम काट्यावर चढत नाही. सगळी अडचण येथे आहे. तिसरीतील मुलास हातच्याची वजाबाकी आली की नाही, हे वेतनाच्या देयकावर दिसत नाही. ज्याने जीव ओतून शिकविले आणि ज्याने हजेरी घेऊन वर्तमानपत्र उघडले, त्या दोघांच्या खात्यांत एकाच तारखेस सारखीच रक्कम जमा होते. जेथे कामाचे माप बाहेरून घेता येत नाही, तेथे ते माप माणसाच्या मनात असावे लागते, आणि त्याच्या सोबत्यांच्या डोळ्यांत. म्हणून संघटना या सोबत्यांना काय बोलावयास शिकविते आणि कोठे गप्प बसावयास शिकविते, याला शिक्षकी पेशात इतर कोठल्याही धंद्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

संघ स्थापण्याचा हक्क आपणांस राज्यघटनेच्या 19व्या कलमाने दिला आहे. त्याविषयी वाद नाही. शासकीय कर्मचाऱ्यांस संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितले. तरीही संप झाले आहेत. 1977-78 चा 54 दिवसांचा संप जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. जुन्या निवृत्तिवेतनासाठी 14 ते 20 मार्च 2023 या काळात झालेला संप तर आपण सर्वांनीच पाहिला. गावात टीका होते ती या संपांवर. मला मात्र संपाची तितकी चिंता वाटत नाही. संप दिसतो, त्याची तारीख असते, त्याचा शेवट असतो. जे दिसत नाही त्याचा हिशेब आपण करून पाहू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसास सरासरी चार तास. शाळा रोज अर्धा तास उशिरा भरली, तर वर्षाकाठी 100 तास बुडाले. ते 25 दिवसांचे शिक्षण झाले. 2023 च्या संपाच्या तिपटीहून अधिक! आणि त्यासाठी ना घोषणा द्याव्या लागल्या, ना कोणाचे वेतन कापले गेले.

आता अभ्यासकांचे म्हणणे पाहू. 2003 साली देशातील वीस राज्यांत पूर्वसूचनेवाचून शाळांना भेटी देऊन एक मोठी पाहणी करण्यात आली. शासकीय प्राथमिक शाळांतील सुमारे 25 टक्के शिक्षक भेटीच्या वेळी शाळेत आढळले नाहीत. झारखंडात हे प्रमाण सुमारे 42 टक्के होते, आणि महाराष्ट्रात सुमारे 15 टक्के. सर्व राज्यांत सर्वांत कमी. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षकांच्या संघटना दुबळ्या आहेत, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा संघटना आली की शिक्षक शाळेतून नाहीसा होतो, हे गणित निदान आपल्या राज्याच्या आकड्यांवरून तरी सुटत नाही. उपस्थिती कशाने वाढते, हेही त्या पाहणीत दिसून आले: शाळेची इमारत व सोयी बऱ्या असल्या, शाळा पक्क्या रस्त्याजवळ असली आणि नजीकच्या काळात तपासणी झालेली असली, तर शिक्षक अधिक हजर राहतात. महामार्गालगतची शाळा आणि बालाघाटाच्या डोंगरात पायवाटेने गाठावयाची वस्तीवरची शाळा यांतील फरक आपणांस कोणी वेगळा सांगावयास नको. तपासणीचा मुद्दा मात्र आम्हा अधिकाऱ्यांना लागू आहे, आणि तो मी आपल्यासमोर मुद्दाम वाचून दाखवीत आहे.

त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट कानाला गोड लागणारी नाही. सुमारे 3000 शासकीय शाळांपैकी केवळ एका शाळेच्या मुख्याध्यापकाने, वारंवार गैरहजर राहिल्यामुळे एखाद्या शिक्षकास बडतर्फ केल्याचे सांगितले. 2010 साली गीता किंगडन व फ्रान्सिस टील यांनी भारतातील विद्यार्थ्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच विद्यार्थ्याचे निरनिराळ्या विषयांतील गुण त्यांनी ताडून पाहिले, आणि विषय शिकविणारा शिक्षक संघटनेचा सभासद असल्यास त्या विषयात गुण कमी पडतात, असे त्यांस आढळले. हा निष्कर्ष आपल्याला आवडत नाही म्हणून तो बाजूस सारणे शिक्षकास शोभणार नाही. उलटपक्षी, अमेरिकेतील रिचर्ड फ्रीमन व जेम्स मेडॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 1984 साली दाखवून दिले, की संघटनेला दोन तोंडे असतात. एका तोंडाने ती आपल्या माणसांसाठी अधिक दाम मागते. दुसऱ्या तोंडाने ती कामाच्या जागेवरील दोष वरिष्ठांच्या कानी घालते, आणि त्यामुळे माणसे नोकरी सोडून जात नाहीत व कामही सुधारते. कोणते तोंड अधिक बोलते, यावर सारे अवलंबून.

आपल्या संघटनांचे दुसरे तोंड मला ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांवर सोपविण्यास मनाई केली आहे. आणि तरीही आपल्यामागे याद्यांचा, माहिती भरण्याचा आणि सर्वेक्षणांचा जो ससेमिरा लागतो, त्याविरुद्ध आवाज उठविला तो संघटनांनीच. मुलांच्या वर्गातील तास वाचविण्याचे हे काम आहे. एकटा शिक्षक तहसील कार्यालयाच्या दारात उभा राहून ते करू शकला नसता. रिक्त पदे भरा, वर्गखोली पडावयास आली आहे ती दुरुस्त करा, ही मागणी करणारा शिक्षक अधिकाऱ्यास त्रासदायक वाटतो खरा. पण तो काम टाळीत नसतो, काम मागत असतो.

आणि आता पहिल्या तोंडाविषयी. एका द्विशिक्षकी शाळेत मी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. चार इयत्ता, दोन शिक्षक. हालचाल नोंदवहीत एका शिक्षकाच्या नावापुढे 'कार्यालयीन कामासाठी तालुक्यास' असा शेरा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा पडलेला. दुसऱ्या बाई चारही इयत्तांना एका खोलीत घेऊन बसल्या होत्या. पहिलीचा गट फळ्यावरील अक्षरे गिरवीत होता आणि चौथीची मुले पहिलीला सांभाळीत होती. मी विचारले, तेव्हा बाई इतकेच म्हणाल्या, "साहेब, ते संघटनेचे आहेत." त्या स्वतःही त्याच संघटनेच्या वर्गणीदार होत्या! वर्गणी दोघांची, संरक्षण एकाचे, आणि त्या संरक्षणाचा भार उचलणारी दुसरी सभासद. मी शेरेबहीत जे पाहिले ते लिहिले. आठवड्याच्या आत तीन दूरध्वनी आले. त्यांतला एकही त्या बाईंसाठी नव्हता.

म्हणून माझे मत मी स्पष्ट सांगतो. सभासदत्वामुळे माणूस कामचुकार होत नाही. कामचुकार मनुष्य सभासदत्वाची ढाल करतो, आणि प्रामाणिक सभासद ती ढाल धरून उभे राहतात. आमच्यातील काही अधिकारी ढाल पाहूनच परत फिरतात. तो दोष संघटनेचा नाही, आमचा आहे. ज्याच्यावर आरोप आला आहे त्याची बाजू ऐकली जावी, नोटीस व चौकशी नियमाप्रमाणे व्हावी, कोणाच्या रागालोभावर शिक्षा होऊ नये, यासाठी संघटनेने जरूर उभे राहावे. लहरी अधिकाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, तेव्हा हे संरक्षण हवेच. परंतु नियमाप्रमाणे चौकशी व्हावी असे म्हणणे वेगळे, आणि चौकशीच होऊ नये असे म्हणणे वेगळे. हेही सांगितले पाहिजे, की मला ठाऊक असलेल्या उत्तम शाळांपैकी दोन शाळा संघटनेच्या जुन्या पदाधिकाऱ्यांच्या आहेत. बैठकीला ते जातात. शाळा सुटल्यावर जातात.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीला एक जास्तीची धार आहे. हंगामात आईबाप कोयता घेऊन गेले की मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलाला शाळेत विचारणारे वडीलधारे माणूस शिक्षकाखेरीज दुसरे नसते. त्या दिवसांत शाळेला दोनदा कुलूप दिसले, तर ते मूल तिसऱ्या दिवशी येत नाही. आणि पुढच्या खेपेस आईबाप त्याला सोबतच घेऊन जातात. फडावर गेलेले मूल परत पटावर आणावयास काय यातायात पडते, हे आपण जाणता. त्या आईबापांचा मजुरीचा एक दिवस बुडाला तर खाडा पडतो. आपला बुडालेला दिवस त्यांच्या मुलाच्या खाती पडतो.

तेव्हा येथे जमलेल्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी. प्राथमिक शिक्षक संघ असो, शिक्षक समिती असो किंवा अन्य कोणतीही संघटना असो, तालुक्याच्या बैठका रविवारी किंवा शाळा सुटल्यानंतर ठेवाव्यात. अधिवेशनासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळाल्यास द्विशिक्षकी शाळेतून एकाच वेळी दोघांनी जाऊ नये, आणि कोण जाणार हे केंद्रप्रमुखांस आधी लेखी कळवावे. दिवाळी ते हंगामाची अखेर या मुदतीत हालचाल नोंदवहीत केवळ 'तालुक्यास' असे न लिहिता, कोणत्या कार्यालयात, कोणत्या कामासाठी व कोणाच्या पत्रावरून, एवढे लिहावे. आम्ही कागदांसाठी उगाच बोलावीत असू, तर त्याच नोंदींवरून तेही उघड होईल, आणि ती नोंदवही घेऊन आपल्या संघटनेने आमच्या कार्यालयात यावे. माझ्या बाजूने मी एवढे मान्य करतो, की शेरेबहीतील प्रत्येक शेऱ्याखाली शिक्षकाचे म्हणणे लिहून घेतल्याशिवाय मी सही करणार नाही. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांच्या याद्या ज्या शाळांनी अद्याप दिलेल्या नाहीत, त्यांनी त्या आज जाण्यापूर्वी केंद्रप्रमुखांकडे द्याव्यात. मूल मागे कोणाजवळ राहणार आहे, हा रकाना रिकामा सोडू नये.