उमेदवार ‘आपला’ कधी होतो?



अमेरिकेतल्या स्थानिक निवडणुकांबद्दल काहीतरी सांगा, असं मला आयोजकांनी सुचवलं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, राजकारणाचा अभ्यासक नाही. शिवाय भारतीय नागरिक असल्यामुळे मला तिथे मतही नाही. पण मी राहतो त्या काउंटीत 2022 साली आमच्या मशिदीच्या सभागृहात उमेदवारांची ओळख करून देणारी सभा झाली आणि तिचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. याला मत नाही, म्हणजे हा कुणाच्या बाजूचा नसणार, असा कमिटीचा हिशोब होता. तो हिशोब कसा चुकला, तेच आज सांगतो.

आधी जागा समजून घेऊ. मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी वॉशिंग्टन शहराला लागून आहे. लोकसंख्या दहा लाखांहून थोडी जास्त. काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि महापालिका एकत्र केल्यासारखा कारभार: पोलीस, रस्ते, अग्निशमन, ग्रंथालयं, बससेवा. कारभाराचा प्रमुख थेट लोकांतून निवडला जातो. काउंटी कौन्सिलचे 11 सभासद आहेत, सात विभागांचे आणि चार सबंध काउंटीचे. म्हणजे मतदाराला विभागासाठी एक आणि काउंटीसाठी चार मतं. पुण्यातल्या मंडळींना एका वेळी चार मतं देण्याची सवय आहेच.

शाळांसाठी मात्र वेगळं मंडळ निवडलं जातं. सात सभासद मतदार निवडतात आणि आठवा असतो विद्यार्थी. त्याला शाळेतली मुलंच निवडून देतात. काउंटीच्या सरकारी शाळांत सुमारे 1,60,000 मुलं शिकतात. काउंटीचं वार्षिक अंदाजपत्रक सात अब्ज डॉलरच्या वर आहे आणि त्यातला जवळपास निम्मा पैसा शाळांवर जातो. पैसा मंजूर करते कौन्सिल. अभ्यासक्रम, सुट्ट्यांचं वेळापत्रक आणि शाळांचा मुख्य अधिकारी ठरवतं मंडळ. कुठलं काम कुणाचं, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

या मंडळाची ताकद आमच्या समाजाला कळली ती ईदमुळे. मुस्लिम पालक बरीच वर्षं मागत होते की ज्यू सणांना शाळा बंद असतात, तशी ईदचीही दखल घ्या. नोव्हेंबर 2014 मध्ये मंडळाने निर्णय दिला. ईदला सुट्टी मिळालीच नाही, उलट वेळापत्रकातून ख्रिसमस, ईस्टर, रोश हशाना आणि योम किप्पूर या सगळ्यांचीच नावं काढून टाकली. सुट्ट्या होत्या तशाच राहिल्या! मागणी बरोबरीची होती आणि बरोबरी मिळाली ती फक्त नाव नसण्याची.

मंडळाचं म्हणणं होतं की सरकारी शाळा धार्मिक कारणासाठी बंद ठेवता येत नाही. विद्यार्थी आणि शिक्षक मोठ्या संख्येने गैरहजर राहणार असतील, तर कामकाजाची अडचण म्हणून ठेवता येते. नियमाची ही भाषा कळल्याशिवाय मागणी पुढे सरकणार नव्हती. पालक पुन्हा पुन्हा बैठकांना गेले. वर्षभरात, नोव्हेंबर 2015 मध्ये, मंडळाने ठरवलं की 12 सप्टेंबर 2016 हा शिक्षकांच्या कामाचा, मुलांना सुट्टीचा दिवस असेल. त्या दिवशी बकरी ईद होती.

आता आमच्या सभेकडे येतो. तिथे 1954 मध्ये करकायद्यात आलेली एक तरतूद आहे. करसवलत मिळालेल्या संस्थेला, मग ते चर्च असो वा मशीद, कुणा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. सगळ्यांना बोलावून, सगळ्यांना सारखा वेळ देऊन सभा मात्र घेता येते. मी इंजिनियरच्या सवयीने तक्ता केला: प्रत्येकाला तीन मिनिटं ओळखीची, दोन उत्तराची, मोबाइलवर घड्याळ. प्रत्येकाची चार ओळींची ओळख लिहिली. शालेय मंडळाच्या उमेदवारांत एक मुस्लिम होता. त्याची ओळख मात्र नऊ ओळींची झाली. शेवटची ओळ होती, ‘आपल्या समाजाची शान’.

कमिटीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना आपा म्हणतो. त्यांनी कागद वाचला, पेन काढलं आणि पाच ओळी खोडल्या. म्हणाल्या, “बेटा, यात त्याने शाळांसाठी काय केलं ते कुठे आहे?” मला उत्तर देता आलं नाही. ते मी त्याला विचारलंच नव्हतं. नाव वाचलं आणि ओळख झाली, असं मी धरून चाललो होतो.

शालेय मंडळाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. कागदावर नुसती नावं. मग लोक काय करतात? ओळखीचं वाटणारं नाव शोधतात. आपण म्हणतो, ‘अपना आदमी है’. गोरे लोक तेच करतात आणि आपण त्याला पूर्वग्रह म्हणतो.

सभा सुरू झाली. प्रश्नांच्या वेळी नववी-दहावीतली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, “रमजानमध्ये जेवणाच्या सुट्टीत मला कँटीनमध्ये बसावं लागतं. वाचनालयात बसता येईल का?” आमचा उमेदवार आधी बोलला. समाजाचा सन्मान, आपली ओळख, आपण गप्प बसणार नाही, असं छान बोलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग दुसऱ्या एका उमेदवार बाई बोलल्या. त्या मुस्लिम नव्हत्या. त्यांनी सांगितलं की हे आज तुझ्या मुख्याध्यापकांच्या हातात आहे, त्यांना लेखी विनंती कर. मंडळ सगळ्या शाळांना एकसारखी सूचना देऊ शकतं, ती मी मांडेन. पण वाचनालयात त्या वेळी कुणीतरी मोठं माणूस हजर लागेल, त्याची सोय आधी बघावी लागेल. त्यांना दोन-चार टाळ्या मिळाल्या. ती मुलगी मात्र त्यांचं बोलणं वहीत लिहून घेत होती.

आमच्या उमेदवारासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सूत्रसंचालकाने वाजवायच्या नसतात, हे विसरून वाजवल्या.

तो उमेदवार वाईट होता, असं मला म्हणायचं नाही. त्याला आम्हीच बिघडवत होतो. त्याच्याकडून आम्ही काही मागितलंच नाही, तर तो तयारी कशाला करेल? आणि ज्या बाईंनी तयारी केली होती त्यांना आम्ही शिकवलं की या सभागृहात तयारीला किंमत नाही.

कुणी म्हणेल, प्रतिनिधित्व नको का? हवंच. मंडळात मुस्लिम माणूस असता, तर 2014 चा निर्णय होण्याआधी निदान कुणीतरी हटकलं असतं, असं मलाही वाटतं. पण ‘समाजाचा प्रतिनिधी’ म्हणताना समाज एका मताचा गठ्ठा नाही, हे विसरून चालत नाही. याच मंडळाने 2023 मध्ये समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रं असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला मुलांना न बसवण्याची सवलत बंद केली. मुस्लिम आणि ख्रिश्चन पालक कोर्टात गेले. 27 जून 2025 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, खटला चालू असेपर्यंत सवलत द्या, असा आदेश दिला. माझ्या ओळखीच्या मुस्लिम घरांत यावर सरळ दोन तट आहेत, कधी एकाच जेवणाच्या टेबलावर. मग ‘अपना आदमी’ यातल्या कुणाचा? नावावरून ते कळत नाही. विचारावंच लागतं.

आणि एका मताने काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. त्याच 2022 साली काउंटीप्रमुखपदाच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत लाखाहून जास्त मतं पडली. फेरमोजणीनंतर मार्क एलरिच जिंकले ते 32 मतांनी. 2018 मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याशी फरक 77 मतांचा होता. आमच्या सभेला जितकी माणसं होती, त्याहून 32 कमीच.

सभेनंतर आपांनी आणि मी तीन प्रश्न लिहून ठेवले. उमेदवार कुणीही असो, हेच विचारायचे. पहिला, तुम्ही सांगताय ते काम या पदाच्या अखत्यारीत आहे का? दुसरा, त्यासाठी पैसा कुठल्या खर्चातून काढणार? तिसरा, तुम्हाला मत न देणाऱ्यांचं कुठलं म्हणणं तुम्हाला पटतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण आधी हसतात. नंतर काय बोलतात, ते नीट ऐकावं.

तुमच्याकडे जानेवारी 2026 मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबईत तर मार्च 2022 पासून प्रशासकच होता, लोकांनी निवडलेलं सभागृह नव्हतं. आता नगरसेवक आलेत. प्रचारात ओळख करून घ्यायची राहून गेली असेल, तर आता करून घ्या. महापालिकेच्या उर्दू आणि मराठी शाळांत आपलीच मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद महिला असाव्या लागतात. तुमच्या वस्तीतल्या शाळेत ती समिती शेवटची कधी बसली, एवढं विचारून या.

चहाच्या आधी एक काम करू. प्रत्येकाला कोरा कागद दिला आहे. वर तुमच्या वस्तीची एक अडचण लिहा. खाली लिहा, ती सोडवणं कुणाच्या हातात आहे: मुख्याध्यापक, समिती, नगरसेवक की राज्य सरकार. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर लाजू नका. मलाही त्या दिवशी आली नव्हती. शेजाऱ्याला विचारा. दोघांनाही आली नाही, तर उद्या दोघं मिळून वॉर्ड ऑफिसात जा.