रुजत्या बियाण्याची शिदोरी



आरेच्या पाड्यांवर आणि गोराई-मनोरीकडे ज्यांनी भातशेती राखली आहे, त्यांची मृगाआधी रोपासाठी लगबग असते. भरपूर खत घातले की हलके बीसुद्धा जोमाने रुजेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही बरं का! मुळ्या चांगल्या धरेपर्यंत खताचा उपयोग नाही. तोवर कोंब जगतो तो आईने दाण्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर.

भाताचा दाणा सोलून पाहा. एका टोकाला, कडेला बारीक ठिपका दिसतो, तो गर्भ. बाकीचा सारा पिठूळ भाग म्हणजे त्याचे अन्न. पाणी मिळाले की गर्भ जागा होतो आणि पिठाभोवतीच्या पातळ थराला जणू निरोप धाडतो. त्या थरातून पाचक रस सुटतात, पिठाची साखर होते आणि ती गर्भ शोषून घेतो. मोड आलेला दाणा चावला तर गोडसर लागतो, तो यामुळेच. साधारण तिसरे पान येईपर्यंत ही शिदोरी पुरवायची असते. वालाचेही तसेच. बिरड्यासाठी आपण ज्या डाळिंब्या सोलतो, तेच त्या कोंबाचे जेवण!

आता दाणा पोचट असेल, तर शिदोरी वाटेतच संपते. रोप पिवळे, लुळे राहते. म्हणून पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात निवडा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बी ओतून ढवळा. तरंगेल ते काढून टाका, हात आखडू नका. तळाचे बी चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. धुण्याचा आळस नको. मीठ पाणी धरून ठेवते, मग गर्भाला ते मिळत नाही. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बी नीट का रुजत नाही, हे यावरून समजेल.

आणखी एक. पिठाची साखर वापरायला गर्भाला हवाही लागते. वाफ्यात पाणी तुंबले, तर कोंब नुसता लांबतो, मूळ धरत नाही. तेव्हा चर काढून पाण्याला वाट द्या.

घरचे बी असेल, तर आठवडाभर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. ८० पेक्षा कमी रुजले, तर दुसरे बी पाहा.